नेपाळच्या शाळेत चार महिने, परतून आठ महिने: माझा अनुभव

डी.एड. झालं, नोकरीचा पत्ता नव्हता, म्हणून मागच्या डिसेंबरात मी स्वयंसेवक म्हणून नेपाळला गेले. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या एका सरकारी शाळेत शिकवलं आणि मार्चअखेर बीडला परतले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आता आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच कारखान्यांवर गेल्यात, म्हणून आत्ता लिहितेय.

आधी व्यवहाराचं. आपल्याला व्हिसा लागत नाही. मनमाडहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, पुढे सुनौलीची हद्द. आपल्या 100 रुपयांचे तिकडे 160 होतात. संस्थेने महिन्याला 18,000 घेतले, त्यात एका घरी राहणं-जेवण. जेवण चांगलं, माणसं त्याहून चांगली. पण त्या पैशातले शाळेला किती पोचले, हे तीनदा विचारूनही कळलं नाही. प्रशिक्षण म्हणजे काठमांडूत एक दुपार, बस्स. माझ्याबरोबरचे बरेच जण तर पंधरा दिवसांसाठीच आलेले. नवा पाहुणा आला की तेच इंग्रजी गाणं, तेच 'माय नेम इज'. पाचवीच्या लेकरांना ते तोंडपाठ होतं, पण पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून ती पुन्हा म्हणायची. भागाकार मात्र येत नव्हता. मला तेच शिकवायला दोन महिने लागले. लिपी देवनागरीच, त्यामुळे फळ्यावर लिहायची अडचण आली नाही.

तिथे शनिवारी सुट्टी असायची, रविवारी शाळा. 25 एप्रिल 2015 चा 7.8 तीव्रतेचा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला आणि शाळा बंद होत्या, म्हणून लेकरं वाचली, असं तिथे घरोघरी सांगतात. मी त्यांना किल्लारीचं सांगितलं, 1993 चं, पहाटेचं. त्यानंतर मी त्यांना परकी राहिले नाही.

मी ज्या घरी होते तिथली मुलगी पाचवीत. बाप कतारला, आई शेतात, घर हजुरआमा म्हणजे आजी सांभाळायची. संध्याकाळी बापाचा व्हिडिओ कॉल यायचा. ती वही उघडून मोबाइलपुढे धरायची, तो एकेक ओळ वाचायचा. हात थरथरला तर म्हणायचा, नीट धर. एकदा तिची सगळी गणितं बरोबर आली तर तो बोलेचना. आजीने मोबाइल घेतला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली.

त्या रात्री मला माझी चौथीतली मैत्रीण आठवली. दिवाळी झाली की तिची जागा रिकामी. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतलेली, आईबाप कोयता घेऊन निघायचे आणि ती धाकट्या भावाला सांभाळायला त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर. मी शिकलेली मुलगी, आणि इतकी वर्षं म्हणत आले की या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही. कतारच्या त्या बापाला कळत होतं, तसंच माझ्या मैत्रिणीच्या बापालाही कळत होतं. फरक इतकाच, की तिकडे लेकरापाशी थांबायला आजी होती. हे कळायला मला नेपाळला जावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

परतल्यावर मी त्या मैत्रिणीकडे गेले. आता तीच कोयत्याला जाते. म्हणाली, "ताई, लेकरू ठिवावं तर कुणापशी? म्हातारी गेली दोन सालाखाली." 'ताई' म्हणाली मला, माझ्याच वर्गातली.

कुणाला जायचं असेल तर जा, पण तीन महिन्यांपेक्षा कमी नको, आणि शाळेला काय हवंय ते मुख्याध्यापकांनाच विचारून जा. अनाथाश्रमात काम देणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. आईबाप असलेली लेकरं तिथे ठेवून देणग्या गोळा केल्याची प्रकरणं नेपाळात झाली आहेत.

सध्या मी गावच्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावातच राहणाऱ्या, लेकरांना संध्याकाळी शिकवते. यंदा अकरा जण मागे राहिलेत. मैत्रिणीची मुलगी त्यातली एक, दुसरीत आहे, रात्री शेजारच्या चुलतीपाशी झोपते. सातच्या सुमारास फडावरून फोन येतो. रेंज असली तर व्हिडिओ, नाहीतर ती नुसती मोठ्याने वाचून दाखवते आणि तिकडून आई "हं, हं" करत राहते.