लिटमन क्लासिक ३ स्टेथोस्कोप: लब-डब शिकायला पुरेसा, फक्त लहान बाजूचा पडदा आधी काढा

मेडिकलला प्रवेश मिळाला, ॲप्रन घेतला की खरेदीच्या यादीत पुढचा नंबर स्टेथोचा. दुकानदार काउंटरवर दोन ठेवतो, एक काही शेकड्यांतला आणि दुसरा काही हजारांतला लिटमन क्लासिक ३. फरक विचारला तर ‘यात आवाज क्लिअर येतो’ एवढंच उत्तर मिळतं. उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे. कुठला आवाज छातीवर कुठे, किती दाब देऊन ऐकायचा हे माहीत नसेल तर हजारांच्या स्टेथोतूनही शेकड्यांतल्याइतकंच ऐकू येतं. म्हणून हे परीक्षण पेटीवरच्या माहितीपेक्षा छातीवरच्या कामाच्या हिशेबाने केलं आहे.

आधी वस्तू. चेस्टपीस, म्हणजे छातीवर टेकवायचा भाग, स्टेनलेस स्टीलचा, दुतोंडी; एका बाजूला मोठा डायफ्राम म्हणजे पातळ पडदा, दुसऱ्या बाजूला मुलांसाठीचा लहान. ट्यूबसकट लांबी ६९ सेंमी, वजन साधारण १५० ग्रॅम. ट्यूबमध्ये नैसर्गिक रबराचं लॅटेक्स नाही. डायफ्राम एकसंध आहे, म्हणजे पडदा आणि कडं वेगळं नाही, त्यामुळे काढून पुसून परत बसवणं सोपं जातं. सोबत जादा इअरटिप आणि लहान बाजूसाठी एक रबरी कडं मिळतं. हे कडं बहुतेक विद्यार्थी पेटीतच विसरतात. ते का विसरू नये, ते पुढे येईल.

लिटमन हे नाव डेव्हिड लिटमन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाचं. त्यांची कंपनी १९६७ मध्ये थ्रीएमने घेतली आणि २०२४ मध्ये थ्रीएमचा आरोग्य विभाग सॉल्व्हेंटम या नावाने वेगळा झाला. पेटीवर कधी हे तर कधी ते नाव दिसलं म्हणून माल नकली ठरत नाही. बनावट माल मात्र बाजारात आहे. अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या. बिल नसेल तर वॉरंटीलाही अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट, दाब. या मॉडेलचे डायफ्राम ‘ट्यूनेबल’ आहेत. चेस्टपीस छातीवर नुसता टेकवला तर खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज येतात. घट्ट दाबला की ते मागे पडतात आणि वरच्या पट्टीतले आवाज पुढे येतात. जुन्या पद्धतीच्या स्टेथोत यासाठी चेस्टपीस उलटवून बेल, म्हणजे पडदा नसलेली वाटीसारखी बाजू, वापरावी लागायची. इथे बोटांचा दाब बदलला की काम होतं. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे भीतीपोटी सगळीकडे एकाच मध्यम दाबाने ऐकणं. त्यात दोन्ही प्रकारचे आवाज अर्धे अर्धे निसटतात. घट्ट दाब म्हणजे उचलल्यावर त्वचेवर गोल वळ दिसावा इतका. हलका म्हणजे हवा आत शिरू नये एवढंच टेकवणं.

हृदयाचं लब-डब म्हणजे झडपा मिटल्याचा आवाज. उघडणारी निरोगी झडप आवाज करत नाही. निलय (हृदयाचे खालचे कप्पे) आकुंचन पावू लागले की मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात, पाकळ्या ताणल्या जातात, अलिंदाकडे (वरच्या कप्प्याकडे) मागे फिरू पाहणारं रक्त अडतं आणि त्या थरथरीचा ‘लब’ होतो. हा एस वन. निलयांतलं रक्त महाधमनीत आणि फुफ्फुस धमनीत गेलं, निलय सैल झाले, की एओर्टिक आणि पल्मोनरी झडपा मिटतात, तो ‘डब’ म्हणजे एस टू. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक आवर्तन ०.८ सेकंदाचं. त्यात लबपासून डबपर्यंत सुमारे ०.३ सेकंद आणि डबपासून पुढच्या लबपर्यंत ०.५. हा लांडा-लांब फरक कानात बसला की कुठला आवाज पहिला हे आपोआप कळतं. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त बाहेर पडतं, म्हणजे मिनिटाला पाच लिटरच्या आसपास.

ताप किंवा पंडुरोगाच्या पेशंटची नाडी १२० वर गेली की आवर्तन अर्ध्या सेकंदावर येतं. त्यात मुख्यतः विश्रांतीचा काळ आक्रसतो, आणि लब कुठला, डब कुठला हे नुसत्या कानाने ओळखणं अवघड होतं. तेव्हा ऐकता ऐकता मानेतल्या कॅरोटिड धमनीवर हलकं बोट ठेवा, एकाच बाजूला. नाडीच्या उसळीबरोबर येतो तो लब. मनगटाची नाडी या कामाला नको, लाट तिथे पोचेपर्यंत उशीर होतो.

ऐकण्याच्या जागा चार: उजवीकडे दुसऱ्या बरगडीखालच्या फटीत उरोस्थीला (छातीच्या मधल्या हाडाला) लागून एओर्टिक, डावीकडे तिथेच पल्मोनरी, डाव्या बाजूला उरोस्थीच्या खालच्या कडेला ट्रायकस्पिड आणि डावीकडे पाचव्या फटीत गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर मायट्रल. या जागा झडपांच्या अगदी वर नाहीत. आवाज रक्ताच्या प्रवाहाबरोबर पुढे जातो, तो जिथे स्पष्ट पोचतो त्या या जागा. लब खाली हृदयाच्या टोकाशी मोठा, डब वर मोठा.

क्लासिक ३ ची पहिली खरी परीक्षा पल्मोनरी जागेवर घ्या. मोठी बाजू घट्ट दाबा आणि समोरच्या तरुण मित्राला शांतपणे खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास आत जाताना छातीतला दाब कमी होतो, शिरांमधून उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, ते पुढे ढकलायला उजव्या निलयाला किंचित जास्त वेळ लागतो आणि पल्मोनरी झडप जरा उशिरा मिटते. डबचा ‘ड्डब’ होतो, श्वास सोडला की पुन्हा एक. स्वस्त स्टेथोत हे दोन तुकडे एकमेकांत मिसळतात. इथे शांत खोलीत ते सुटे ऐकू येतात. एवढ्या एका कामावर किमतीतला फरक समजतो.

दुसरी परीक्षा अवघड आणि तिथे हा स्टेथो थोडा कमी पडतो. तिसरा आवाज, एस थ्री, निलयात रक्त वेगाने भरताना येतो. तो अगदी खालच्या पट्टीतला, कानापेक्षा जाणिवेला कळणारा: लब-डब-ब. मुलांत, तरुणांत आणि गरोदर बाईत तो असू शकतो, त्यात काही बिघाड नाही. चाळिशीपुढच्या, धाप लागणाऱ्या पेशंटमध्ये तो हृदय कमजोर झाल्याची खूण असू शकतो. चौथा आवाज लबच्या आधी, त-लब-डब. कडक झालेल्या निलयात अलिंद जोराने रक्त ढकलतं त्याचा. एट्रियल फिब्रिलेशन या ठोके बिघडण्याच्या आजारात अलिंदाचं धड आकुंचनच होत नाही, मग चौथा आवाजही नाही. या दोन्हींसाठी पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, टोकाचा ठोका बोटाने शोधा आणि तिथे चेस्टपीस अलगद टेकवा. बोट जरा जड झालं की आवाज गायब. विद्यार्थ्यांचं बोट हमखास जड होतं, म्हणून ते रबरी कडं. लहान बाजूचा पडदा काढून कडं बसवा की उघडी बेल तयार. मोठी बाजू डायफ्राम, लहान बाजू बेल अशी कायमची विभागणी करून टाका. लहान मुलं तपासायची वेळ आली तर पडदा परत बसवायला मिनिटही लागत नाही. काढलेला पडदा मात्र डबीत जपून ठेवा.

हीच बेल मायट्रल स्टेनोसिसला लागते. संधिवाताच्या तापानंतर झडप आक्रसण्याचा हा आजार आपल्याकडच्या वॉर्डांत अजून दिसतो. डाव्या कुशीवर, श्वास सोडून थांबलेल्या पेशंटमध्ये डबनंतर लांबच्या घरात कुणी जातं फिरवावं तशी घरघर येते. डायफ्राम दाबून ऐकणाऱ्याला ती सापडत नाही आणि केसपेपरवर ‘मर्मर नाही’, म्हणजे लब-डबखेरीज घरघर-फुंकर नाही, असं लिहिलं जातं. उलट एओर्टिक झडप गळत असेल तर डबला लागूनच मऊ, उतरत जाणारी फुंकर येते, वरच्या पट्टीतली. त्यासाठी पेशंटला बसवून पुढे झुकवा, श्वास सोडून थांबायला सांगा आणि उरोस्थीच्या डाव्या कडेला तिसऱ्या फटीत डायफ्राम घट्ट दाबा. हे काम मोठी बाजू चोख करते.

बीपी मोजायला लहान बाजू सोयीची, कोपराच्या खळग्यात नीट बसते. पट्टा फुगवताना मनगटाची नाडी बंद होते तो आकडा बघा, त्यावर आणखी ३० चढवा, मग सेकंदाला २ ते ३ या वेगाने उतरवा. दाबलेली धमनी अर्धवट उघडली की रक्त खळाळत जातं, तो पहिला टकटक आवाज म्हणजे वरचं बीपी. धमनी पूर्ण उघडून प्रवाह सुरळीत झाला की आवाज जातो, ते खालचं. चेस्टपीस पट्ट्याखाली खुपसू नका. हाताला आराम मिळतो खरा, पण धमनीवर जादा दाब येतो, घासण्याचा आवाज येतो आणि खालचं बीपी चुकतं.

तक्रारींत पहिला नंबर ‘आवाजच येत नाही’चा. दहातल्या नऊ वेळा चेस्टपीस दुसऱ्या बाजूला वळलेला असतो. एका वेळी एकच बाजू उघडी असते. दांडा धरून चेस्टपीस ‘कट्’ होईपर्यंत फिरवायचा असतो. कानात लावून डायफ्रामवर नखाने हलकी टिचकी मारा, कळेल. जोरात मारू नका, कान बधिर होतात. मग इअरटिप बघा: कानातून नाकाकडे, पुढे झुकलेल्या हव्यात. उलट लावल्या तर त्या कानाच्या भिंतीला टेकतात. त्यात मळ साठला असेल तर काढून पुसा आणि परत बसवताना पक्क्या बसेपर्यंत दाबा. डोकं आवळलं जात असेल तर दोन्ही धातूच्या नळ्या कानाजवळ धरून हळूहळू बाहेर ओढा.

खसखस, कुरकुर आवाज आला की लगेच फुफ्फुसाला दोष देऊ नका. मंगळसूत्राच्या वाट्या, ताईत, जानवं, छातीवरचे केस आणि तपासणाऱ्याच्याच बांगड्या यांतूनच बरेच ‘क्रेप्ट’, म्हणजे फुफ्फुसातले वाटणारे कुरकुर आवाज, येतात. दागिना बाजूला घ्यायला सांगा, केस असतील तर ओल्या कापसाने जागा ओली करा. साडीवरून किंवा बनियनवरून हृदय ऐकू नये, कितीही महाग स्टेथो असो. बाईपेशंट असेल तर आधी विचारा, खाटेभोवतीचा पडदा ओढा आणि स्तन हाताच्या पाठीने वर घेऊन पाचव्या फटीपर्यंत पोचा. डोक्यावरचा पंखा बंद करता आला तर उत्तम. ओपीडीच्या गोंगाटात ‘ड्डब’ ऐकू न येणं ही स्टेथोची चूक नव्हे.

देखभालीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरे, दोन पेशंटच्या मध्ये. हँड सॅनिटायझर चोळू नका, त्यातली इतर द्रव्यं ट्यूबला मारक ठरतात. पाण्यात बुडवणं, ऑटोक्लेव्ह करणं तर नकोच. उघड्या मानेवर दिवसभर टांगलेली ट्यूब त्वचेच्या तेलाने कडक होते आणि पुढे तडकते, कॉलरवरून घाला. दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवून लेक्चरला जाऊ नका.

मोठा भाऊ कार्डिओलॉजी ४. त्याच्या एका ट्यूबमध्ये दोन मार्ग आहेत आणि मंद आवाज तो अधिक उचलतो. मेडिसिन किंवा कार्डिओलॉजीचा रेसिडेंट असाल तर तोच घ्या, एस थ्रीसाठी वजन आणि पैसे दोन्ही वसूल. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग किंवा फॅमिली प्रॅक्टिससाठी क्लासिक ३ पुरतो. फक्त बीपी मोजायला स्टेथो हवा असेल तर इतका खर्च करू नका, साधा स्टेथो ते काम निभावतो. ५ पैकी ४. एक गुण मंद आवाजांना कमी पडतो म्हणून कापला. काळी ट्यूब घेतलीत तर दांड्यावर नावाची पट्टी लावून घ्या, वॉर्डात सगळ्यांचे सारखेच दिसतात.