अगरबत्ती दाखवून विकलेला ‘सीओ अलार्म’

तळघरात पेलेटची (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी) शेगडी बसवून देणारा माणूस अगरबत्ती पेटवून अलार्म वाजवून दाखवत असेल, तर त्याला तिथूनच वाटेला लावा. अगरबत्तीने वाजतो तो धुराचा अलार्म. जीव घेणारा वायू कार्बन मोनॉक्साइड, म्हणजेच सीओ, ना दिसतो, ना त्याला वास असतो. त्याच्यासाठी वेगळाच सेन्सर लागतो. आम्हाला विकलेल्या डब्यावरचं ‘सीओ’ लिहिलेलं स्टिकर नखाने उचकटलं, तेव्हा खाली ‘स्मोक’ असं छापलेलं निघालं.

आमचं चिवडा-फरसाणचं छोटं काम आहे, नाशिकला मखमलाबाद रोडवर, राहत्या घराच्या तळघरात. दिवाळीच्या तोंडावर व्यावसायिक सिलिंडरचा खर्च परवडेना. वहिनींनी एका प्रदर्शनात भुशाच्या पेलेटवर चालणारी, पंख्याची शेगडी पाहिली. मोकळ्या मैदानात धुराचा मागमूस नाही. “ताई, धूरच नाही तर चिमणी कशाला?” हे विक्रेत्याचं पहिलं वाक्य. तळघर म्हटल्याबरोबर सूर बदलला आणि ‘सेफ्टी व्हेंटिंग पॅकेज’ पुढे आलं, अठरा हजारांचं. दुहेरी स्टेनलेस पाइप, बाहेरची हवा शेगडीला देणारी नळी, अलार्म आणि वर एक सर्टिफिकेट. सर्टिफिकेट त्याच्याच लेटरहेडवर, हे सांगायला नकोच.

बसवायला आलेली पोरं चहा व्हायच्या आत निम्मं काम उरकून बसली होती. दिसणारा पाइप चकचकीत. भिंतीतून काय गेलं ते कळायला वावच नव्हता, कारण भोकाभोवती लगोलग प्लास्टर थापलं.

मग वहिनींचं डोकं धरायला लागलं. मळमळ, गरगरणं. वर अंगणात येऊन बसलं की बरं वाटायचं. सगळे म्हणाले पित्त, तळणाचा वास, जागरण. ऑक्सिमीटर लावला तर ९८! हे लक्षात ठेवा: साध्या ऑक्सिमीटरला रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यातला फरक कळत नाही, आकडा छान दिसतो. एकदा शेगडी भरात असताना वीज गेली, पंखा थांबला, आत पेलेट धुमसतच राहिले आणि वहिनी पायरीवरच बसल्या. डॉक्टरांनी आधी विचारलं, “खाली काही जळतं का?” मग रक्ताची तपासणी करायला लावली, तेव्हा खरं कारण समजलं.

अंबडच्या कारखान्यांत चिमण्यांची कामं करणारे एक फॅब्रिकेटर ओळखीचे आहेत. त्यांनी प्लास्टर फोडलं. आत सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप, वरून चंदेरी रंग मारलेला! ऐंशी अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतो आणि शेगडीचा धूर त्याहून कितीतरी गरम असतो. पाइप खचला होता, जोडात बोट जाईल एवढी फट. ताज्या हवेची नळी नुसती भिंतीला टेकवून स्क्रूने पक्की केलेली, पलीकडे भोकच नाही. आणि धुराचं तोंड कुठे? वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

त्यांनी जे समजावलं ते जसंच्या तसं सांगते. या शेगडीत पंखा धूर पाइपात ढकलतो, म्हणजे पाइपात दाब असतो; एकही जोड सैल असला तर धूर खोलीत येतो. म्हणून पाइप उष्णता सोसणारा आणि हवाबंदच हवा. तो काही फूट सरळ उभा चढवला तर वीज गेली तरी गरम धूर आपसूक वर ओढला जातो. आडवा बाहेर काढला तर तो आतच घुटमळतो. तळघरात तळणाच्या वासासाठी मोठा एक्झॉस्ट फॅन असेल आणि हवा आत यायला वाट नसेल, तर तो फॅनच शेगडीचा धूर उलटा खोलीत खेचतो. आमच्याकडे नेमका तो होता, आणि त्या विक्रेत्याने तो बघून “उत्तम, हवा खेळती आहे” म्हटलं होतं. पेलेटच्या गोण्याही बंद खोलीत रचू नका. न पेटवता त्यांतून हाच वायू हळूहळू सुटतो.

पैसे मागितले तर उत्तर आलं की वापर चुकला, शिवाय धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हे खोटं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगाराला घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. अडचण एकच, बिलावर फक्त ‘शेगडी व ॲक्सेसरीज’ लिहिलंय. तुम्ही घेत असाल तर पाइप कशाचा, जाडी किती, तोंड कुठे निघणार, अलार्मचं मॉडेल कोणतं, सगळं बिलावर लिहून घ्या आणि प्लास्टर मारण्याआधी फोटो काढा.

मध्यंतरी त्या विक्रेत्याचा फोन आला होता. निम्मे पैसे देतो म्हणाला, अट एवढीच की पाइप आणि तो डबा परत द्यायचा. दोन्ही आमच्या कपाटात आहेत, देणार नाही. शेगडी सध्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली चालते, तिन्ही बाजू उघड्या.