पंचायत की गुल्लक? आधी कुठली बघायची

दोन्ही हिंदी वेब सिरीज, दोन्ही टीव्हीएफ या कंपनीच्याच, दोन्ही साध्या माणसांच्या, पण मला विचाराल तर आधी गुल्लक लावा. 2019 ला आली, पहिल्या सीझनला फक्त 5 एपिसोड, एका संध्याकाळी होतात, आणि मिश्रांच्या घरातली गोष्ट सांगतो कोण तर मातीचा गल्ला! आईच्या रोलमधे आपली गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय बाईने, हिंदी अशी बोलते की मराठी आहे हे विसरायलाच होतं, आणि शेजारची बिट्टूची मम्मी दारात आली की आपल्या चाळीतली कोणीतरी आठवतेच आठवते.

पंचायत (2020) मधे गाव मोठं, माणसं जास्त, राजकारण पण आहे. पहिल्याच एपिसोडला ऑफिसच्या कुलपाची चावी हरवते आणि नवा सचिव बाहेर ताटकळत उभा, तिथेच मी अडकलो. पण दुसऱ्या सीझनचा शेवट बघताना उपप्रधान प्रल्हादचा चेहरा बघवत नाही हो, फैसल मलिकने रडवलं अक्षरशः. पुढे मात्र राजकारण जरा जास्तच झालं असं मला वाटलं, गुल्लक तशी भरकटत नाही.

घरच्यांसोबत जेवताना बघायची असेल तर गुल्लकच.