वर्कशॉप की सिनियरसोबत फील्डवर?
नदी, तळी, समुद्रावर काम करणाऱ्या नव्या रिसर्चरना प्रॅक्टिकल गोष्टी शिकवायच्या तर वर्कशॉप घ्यायचं की अनुभवी माणसासोबत फील्डवर पाठवायचं? माझं मत सांगते, आधी फील्ड.

पाण्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मेम्ब्रेनवाल्या (टोकाला पातळ पडदा असलेल्या) प्रोबचं कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग बरोबर येईल असं जुळवणं, स्लाइडवर सोपं दिसतं हो, पण बोटीत बसल्यावर आत बुडबुडा अडकलाय हे ओळखायला शेजारी कुणीतरी जाणतं लागतं. आणि विंकलर पद्धतीत (पाण्यातला ऑक्सिजन रसायनं घालून मोजायची पद्धत) तर बाटली भरतानाच सगळा खेळ असतो, नळी तळापर्यंत न्यायची, पाणी हळूहळू चढू द्यायचं, वरून भरपूर ओसंडू द्यायचं, झाकण लावताना हवेचा थेंबभरही बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. क्लोरोफिल (शेवाळातलं हिरवं द्रव्य) मोजण्यासाठी पाणी गाळलेले फिल्टर उजेडापासून जपून फॉइलमध्ये गुंडाळायचे आणि लगेच गार करायचे. लेबलं आधीच लिहून ठेवा, ओल्या हातांनी नंतर धड लिहिता येत नाही.

पण गोची अशी की सगळं त्या एका माणसावर अवलंबून, त्याला वेळ नसेल किंवा त्याच्याच सवयी चुकीच्या असतील तर त्याच पुढे चालत राहतात. आर (डेटाचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) वापरणं, डेटा नीट ठेवणं, पेपरच्या रिव्ह्यूला उत्तर देणं, ग्रँटचं बजेट, हे वर्कशॉपमध्येच चांगलं होतं, शिवाय तिथे बरोबरीचे लोक असतात त्यामुळे बिनधास्त विचारता येतं. फक्त येताना स्वतःचा डेटा आणा, तयार उदाहरणांवर सगळंच चालतं, खऱ्या फाइलमध्ये तारखा तीन वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये निघतात आणि त्या कशा सोडवायच्या ते तिथल्या तिथे विचारून घेता येतं.