पोस्टचे शेअर वाढले म्हणून पान गुगलवर वर येतं का? किल्ल्यांच्या साइटसाठी दहा महिने सोशल मीडिया वापरल्यावर

2025 च्या मे महिन्यात मी एक वही घातली. डाव्या पानावर त्या आठवड्यात कुठे काय पोस्ट केलं ते, उजव्या पानावर सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलवर कोणत्या शब्दांवर, कितव्या क्रमांकावर दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) काय दिसलं ते. माझी साइट मराठीत आहे, सह्याद्रीतल्या साठेक किल्ल्यांची. पायथ्याचं गाव कोणतं, एसटी कुठून मिळते, पाणी कुठे आहे, मुक्काम करता येतो का, उतरायला किती वेळ लागतो, एवढंच त्यात असतं. इतिहास थोडा, वाट जास्त. मी नाशिकला नोकरी करते, साइटचं काम रात्री आणि रविवारी. त्याआधी मी लेख लिहून नुसती गुगलची वाट बघत बसायचे. मग ठरवलं की व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम नेमाने वापरायचं आणि साइटच्या गुगलवरच्या क्रमांकावर त्याचा काय परिणाम होतो ते टिपून ठेवायचं. आता दहा महिने झालेत.

बहुतेकांना ज्याचं उत्तर हवं असतं ते आधीच सांगते. पोस्ट शेकडो वेळा शेअर झाली म्हणून ते पान गुगलवर वर सरकत नाही. गुगलच्या वेबस्पॅम (फसवी पानं रोखणाऱ्या) विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी 2014 मध्येच एका व्हिडिओत सांगितलं होतं, की फेसबुक-ट्विटरवरची पानं गुगलला इतर कुठल्याही पानांसारखीच असतात, आणि लाइक किंवा फॉलोअर्सचे आकडे क्रमवारीसाठी वापरले जात नाहीत. शिवाय अशा ठिकाणी टाकलेल्या लिंकवर सहसा 'नोफॉलो'ची खूण असते, म्हणजे क्रमवारी ठरवताना ही लिंक धरू नका असं गुगलला सांगणारी. ही खूण 2005 पासून आहे. 2019 मध्ये गुगलने जाहीर केलं की यापुढे ती आज्ञा न मानता केवळ सूचना मानली जाईल. तरी तेवढ्यावर कुणी आपलं पान वर चढेल अशी आशा धरू नये.

माझ्या वहीतही तेच दिसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दरीतले ढग वर येतानाचा फोटो मी जूनमध्ये टाकला. माझ्या सगळ्या पोस्टमध्ये तो सर्वांत जास्त पसरला. दोन दिवस साइटवर गर्दी होती, तिसऱ्या दिवशी ओसरली, आणि हरिश्चंद्रगडाचं पान पुढचे दोन महिने गुगलच्या दुसऱ्या पानावर होतं तिथेच राहिलं. याउलट साल्हेरचं पान फार कुणी शेअर केलं नव्हतं, ते दिवाळीच्या सुमारास पहिल्या पानावर आलं आणि आजही तिथे आहे. हा फरक का पडला हे समजून घेण्यातच माझे बरेच महिने गेले, आणि मला सांगण्यासारखं वाटतं ते तेवढंच आहे.

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर, नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यात. ट्रेकर सोडले तर फारसं कुणी तिकडे जात नसे. 11 जुलै 2025 ला पॅरिसच्या बैठकीत 'मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारसा यादीत आला. बारा किल्ले, त्यांतले अकरा आपले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग लोकांना माहीत होते. साल्हेर आणि खांदेरी ही नावं मात्र अनेकांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली. त्या रात्री मी तीन ट्रेकिंग ग्रुपवर आणि फेसबुकवर साल्हेरच्या पानाची लिंक टाकली आणि खाली एकच ओळ लिहिली: जाण्याआधी काही विचारायचं असेल तर विचारा.

प्रश्न यायला लागले. वाघांब्याकडून चढायचं की साल्हेरवाडीकडून? शेजारचा सालोटा त्याच दिवशी होतो का? आईला घेऊन यायचंय, जमेल का? सटाण्याहून पुढे गाडी मिळते का? गुहेत राहता येतं का? मी प्रत्येकाला तिथेच उत्तर दिलं आणि रात्री पानावर येऊन तेच उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहिलं. माझ्या जुन्या लेखात 'चढाईची श्रेणी: मध्यम ते कठीण' असं होतं. लोक तसं विचारत नाहीत, ते विचारतात 'अवघड आहे का'. मी 'मार्गाचे वर्णन' लिहिलं होतं, लोक लिहितात 'कसं जायचं'. 'पायथ्याचं गाव' मला आवडतं, पण निम्मे जण 'बेस व्हिलेज' म्हणतात, तेही देवनागरीत. नावाचंही तसंच. कुणी साल्हेर लिहितं, कुणी सालेर, कुणी रोमन अक्षरांत. मी मथळे बदलले आणि प्रश्नांनाच उपमथळे केलं. सप्टेंबरात सर्च कन्सोल उघडलं तर ज्या शब्दांवर पान दिसत होतं त्यांची यादी लांबत चालली होती, आणि त्यांतले कितीतरी शब्द थेट त्या ग्रुपवरून आलेले होते.

बागलाणातल्याच एका वाचकाने फेसबुकवर लिहिलं, की तुम्ही पाण्याबद्दल लिहिलंय ते पावसाळ्यानंतरचं आहे, एप्रिलमध्ये त्यावर विसंबून कुणी गेलं तर हाल होतील. त्यांचं बरोबर होतं. मी तिथे कायम दिवाळीनंतर गेले होते. गंगासागर तलावाबद्दलचा परिच्छेद मी पुन्हा लिहिला, महिन्यानुसार, आणि वरच ठळक अक्षरांत पाणी खालूनच भरून न्यायला सांगितलं. ही दुरुस्ती मला कुठल्याही टूलने सुचवली नसती. किल्ल्यावर जाणाऱ्या माणसाचं पाणी चुकणं ही साधी गोष्ट नाही. सोशल मीडियाचा दुसरा कुठलाही फायदा झाला नसता तरी एवढ्यासाठी मी तो वापरला असता.

मग लिंक मिळायला लागल्या, खऱ्या. एका महाविद्यालयाच्या गिर्यारोहण मंडळाने आपल्या साइटवर सहलीची माहिती देताना 'पाण्याची आणि वाटेची माहिती इथे पाहा' म्हणून माझं पान जोडलं. इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी त्यांच्या लेखातून जोडलं. दोघांनीही ते पान ग्रुपवरच पाहिलं होतं. या लिंकवर नोफॉलो नव्हता, आणि त्या मी मागितलेल्याही नव्हत्या. क्रमांक हलायला लागला तो यानंतर. मथळे बदलले, माहिती सुधारली, दोन चांगल्या लिंक आल्या, यांतलं नेमकं कशाने किती झालं हे मला वेगळं काढता येणार नाही. पण तिन्ही गोष्टींचा उगम शेअरच्या आकड्यात नव्हता, शेअरमागून आलेल्या माणसांत होता. कोकणकड्याच्या फोटोखाली अडीचशे जणांनी 'अप्रतिम' लिहिलं. प्रश्न विचारणारा एकही नव्हता, कारण मी विचारण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

व्हॉट्सॲपवर जरा थांबते, कारण मराठी साइटसाठी माझ्या मते सर्वांत मोलाची जागा ती आहे, आणि तिथेच माझ्या सर्वांत जास्त चुका झाल्या. पहिली चूक पत्त्याची. मी लेखांचे पत्ते देवनागरीत ठेवले होते. ब्राउझरमध्ये छान दिसायचे. पण लिंक कॉपी करून ग्रुपवर टाकली की त्या देवनागरीचं रूपांतर टक्क्याची चिन्हं, आकडे आणि अक्षरांच्या चार-पाच ओळींत व्हायचं. पाहणाऱ्याला वाटायचं काहीतरी फसवणुकीची लिंक आहे. एका काकांनी तर ग्रुपवर सगळ्यांना बजावलं, उघडू नका. त्यांची काळजी रास्त होती. गुगलला देवनागरी पत्ता चालतो, अडचण माणसांची आहे. शेवटी मी सगळे पत्ते लहान, रोमन अक्षरांत केले आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावले. त्यानंतर काही आठवडे क्रमांक खालीवर झाले, मग स्थिरावले. साइट नवी असेल तर हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

दुसरी चूक प्रीव्ह्यूची. लिंकखाली जो फोटो आणि मथळा दिसतो तो पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून येतो. हा प्रकार फेसबुकने 2010 मध्ये आणला आणि व्हॉट्सॲपही तोच वाचतं. माझ्या पानांवर तो नीट भरलेलाच नव्हता, त्यामुळे प्रत्येक किल्ल्याच्या लिंकखाली साइटचं बोधचिन्ह दिसायचं. राजगडाची लिंक आणि राजगडाचा फोटो नाही! प्रत्येक पानाला 1200 बाय 630 पिक्सेलचा वेगळा फोटो दिला, वजन कमी ठेवलं, कारण फोटो जड असला की व्हॉट्सॲपवर तो बरेचदा उमटतच नाही. जुना प्रीव्ह्यू फेसबुकवर अडकून राहिला तर त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून तो ताजा करता येतो. फोटोंचं वजन उतरवण्याचा एक फायदा माझ्या ध्यानात नंतर आला. माझे वाचक पान गुंजवण्यात, वाघांब्यात, पेठच्या वाडीत उघडतात, जिथे मोबाइलला जेमतेम रेंज असते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गुगलचा निकष आहे, आणि डोंगराच्या पायथ्याशी तो निकष किती योग्य आहे हे कळतं.

तिसरी गोष्ट मोजणीची. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक ॲनालिटिक्समध्ये (साइटवर येणारे मोजणाऱ्या साधनात) बहुधा 'डायरेक्ट' म्हणून पडतो, जणू त्याने पत्ता स्वतः टाइप केला. पहिले दोन महिने मी यामुळे व्हॉट्सॲपला कमी लेखत होते. मग प्रत्येक ठिकाणी टाकायच्या लिंकला वेगळे यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारे, पत्त्याच्या शेवटी लावायचे शब्द) जोडले तेव्हा खरं चित्र दिसलं. अशा शेपट्या लागलेले पत्ते गुगलला वेगवेगळी पानं वाटू नयेत म्हणून पानावर कॅनॉनिकल टॅग (मूळ पत्ता कोणता ते गुगलला सांगणारी खूण) असू द्या. आणि व्हॉट्सॲपवर व्हायरल होण्यामागे लागू नका. भारतात 2018 पासून एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतो, 2020 पासून फार फिरलेला संदेश तर एकाच ठिकाणी. योग्य अशा तीन ग्रुपवर, वर्षातल्या योग्य आठवड्यात, एवढं पुरतं. राजमाचीच्या काजव्यांची माहिती मेअखेरीस टाकायची, ऑक्टोबरात नाही.

इन्स्टाग्रामबद्दल माझं मत मध्येच बदललं. तिथे पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावता येतं आणि प्रोफाइलमध्ये काही लिंक देता येतात, म्हणून मी ते जवळजवळ सोडणारच होते. पण 10 जुलै 2025 पासून प्रोफेशनल खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्ट गुगलसारख्या सर्च इंजिनांना दाखवता येऊ लागल्या. तेव्हापासून मी फोटोखाली नुसत्या भावना लिहिणं बंद केलं. किल्ल्याचं नाव देवनागरीत, पायथ्याचं गाव, तालुका, महिना, असं लिहिते. साइटवर थेट येणारे अजून थोडेच आहेत. मात्र साइटचं नाव गुगलवर टाइप करून येणारे वाढलेत आणि त्यांतले बरेच तिथून आले असावेत असं त्यांच्या संदेशांवरून वाटतं. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक 2023 पासून दाबता येत नाहीत, म्हणून तिथे मी वाटेचे छोटे तुकडे टाकून मोठ्या व्हिडिओशी जोडते, इतकंच. बाकीच्या माध्यमांवर मराठी ट्रेकर मला भेटले नाहीत.

एक महिना पैसे वाया गेले, तेही सांगायला हवं. ऑगस्टमध्ये एका एजन्सीने फोन करून हजारो शेअर आणि 'हाय क्वालिटी बॅकलिंक' (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) असं पॅकेज दिलं. मी घेतलं. शेअर आले ते मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या खात्यांवरून, आणि लिंक आल्या त्या कशाचाही कशाशी संबंध नसलेल्या साइटवरून. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं हे गुगलच्या नियमांत सरळ स्पॅम धरलं जातं. तो नियम मी आधी वाचायला हवा होता. करार पुढे चालू ठेवला नाही आणि त्या लिंक काढून टाकायला लावल्या. माझ्या माणसांनी दोन वर्षं चालून, विचारून जमवलेली माहिती अशा बाजारात उभी केल्याचं मला आजही वाईट वाटतं.

वेळ किती लागतो? मला आठवड्याला चारेक तास लागतात, त्यांतला निम्म्याहून जास्त वेळ उत्तरं द्यायला आणि पानं दुरुस्त करायला. पोस्ट करायला फार लागत नाही. ज्यांना उत्तरं द्यायला वेळ नाही त्यांनी हे करू नये, त्यापेक्षा तो वेळ एक चांगला लेख लिहायला द्यावा. जुलैत मी उत्साहाने रोज पोस्ट केलं आणि नवं एकही पान लिहिलं नाही. तो महिना वहीत उठून दिसतो, उजव्या पानावर काहीच हललेलं नाही.

सर्च कन्सोल सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं, त्यामुळे येत्या पावसाळ्यात गेल्या जुलैशी समोरासमोर तुलना करता येईल. तोवर खांदेरी या समुद्रातल्या किल्ल्याचं पान हातात घेतलंय. समोरच्या किनाऱ्यावरच्या थळ गावाच्या ग्रुपवर परवा विचारलं, तर रात्रीत प्रश्न जमले: होडी किती वाजता सुटते, पावसाळ्यात बंद असते का, किती माणसं जमली की निघते, परत येताना ओहोटी लागली तर काय करायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. शनिवारी थळला जाऊन होडीवाल्यांनाच विचारते.