सातची फेरी, दहाची फेरी की भातगावचा पूल?

बेळगावहून गणपतीपुळ्यापर्यंतचा रस्ता आपल्याकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. निपाणी, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा. डोळे मिटून जातील असे लोक आमच्या टिळकवाडीत गल्लीगणिक सापडतात. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. हेदवी, वेळणेश्वर, गुहागर करायचं तर मध्ये शास्त्री नदीची खाडी आडवी येते. ती एक तर जयगडहून फेरीबोटीनं तवसाळला उतरून ओलांडायची, नाही तर जाकादेवीकडून राईला जाऊन भातगावच्या पुलावरून, आबलोलीमार्गे. बोटीनं जायचं ठरलं की पुन्हा प्रश्न: मुलांना झोपेतून उठवून पहिली फेरी गाठायची, की निवांत नाश्ता करून दहाच्या सुमाराला निघायचं?

आम्ही तिन्ही करून बसलोय. थोरली तेव्हा सात वर्षांची, धाकटा तीन, आणि बरोबर माझी आई. तुमच्या गाडीत वेगळी माणसं असतील, तेव्हा माझं म्हणणं थोडं हातचं राखूनच घ्या.

पुलाचं आधी सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. पूल कुणासाठी थांबत नाही आणि तुम्हालाही थांबवत नाही. वेळेचं बंधन नाही, भरती-ओहोटीचा संबंध नाही, वारा सुटलाय म्हणून फेरी बंद अशी धास्ती नाही. पावसाळ्यात जाणार असाल किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर मी पुढचं काही न वाचता पूलच धरा म्हणेन. फक्त वळणं फार. एक चढ, एक उतार, परत वळण. आमच्या थोरलीला गाडी लागते. आदल्या दिवशी आंबा घाटात एकदा झालेलंच असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच सुरू झालं की ती रडवेली होते. आल्याची वडी, लिंबू, खिडकी उघडी, पुढच्या सीटवर बसवणं, सगळं करून झालं. आबलोलीच्या अलीकडे दोनदा थांबलो. पूल वाईट नाही हो, पण पूल म्हणजे नुसता पूल नसतो, त्याच्या दोन्ही अंगांचा रस्ता त्यात धरावा लागतो.

बोटीला मात्र मूल लागत नाही, निदान आमचं तरी लागलं नाही. खाडीचं पाणी आत असल्यानं समुद्रासारखं उचलत नाही, उघड्यावर वारा लागतो आणि पलीकडचा डोंगर समोर स्थिर दिसत राहतो. बोट म्हणजे काय हे दोघांना आधी कळावं म्हणून नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो तेव्हा कृष्णेत नावेत बसवून आणलं होतं. त्याचा उपयोग झाला. जयगडला धाकटा घाबरला नाही, उलट 'ही नाव एवढी मोठी का?' म्हणून विचारत राहिला.

आता दहाच्या फेरीकडे येऊ. कागदावर हीच सगळ्यात बरी. मुलं आपणहून उठतात, पोटभर घावन-चटणी खातात, आंघोळी होतात, खोलीवाल्याला घाई नसते. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात डोकावून जायलाही सवड मिळते. पहिल्या खेपेला आम्ही तेच केलं. मे महिन्याचा पहिला आठवडा होता. धक्क्यावर पोचलो तर आमच्या पुढे गाड्यांची रांग, एक फेरी डोळ्यांदेखत भरून गेली. उन्हात उभे. पण ते चालतं, सुट्टीच्या दिवसांत रांग कुठे नसते? माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली ती बोटीत चढल्यावर.

गर्दीच्या फेरीत गाड्या एकमेकींना चिकटवून लावतात. लावाव्याच लागतात, नाही तर मागचे तासभर ताटकळणार. खलाशी हातानं 'अजून, अजून' करत होता आणि मी आज्ञाधारकासारखा डावीकडे सरकत गेलो. गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, उतरायला दार ढकललं, तर चार बोटांची फट. डाव्या बाजूला लोखंडी कठडा, उजव्या बाजूला पुण्याची एक पांढरी गाडी. पुढे मासळीचा टेम्पो, त्याच्या फळीतून बर्फाचं पाणी थेंब थेंब आमच्या बॉनेटसमोर. शहाणे लोक मुलांना आणि म्हाताऱ्यांना गाडी चढवायच्या आधीच खाली उतरवतात, चालत बोटीत आणतात. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही डोकं चालवलं नाही. पाचही जण आत. इंजिन बंद म्हणजे एसी बंद.

आणि तेवढ्यात मागून, पट्ट्यात करकचून बांधलेल्या मुलाचा आवाज: 'बाबा, शू आली.'

बायको मागे मधल्या जागेवर होती. तिनं पट्टा सोडवला, पण त्याला घेऊन जाणार कुठे? आई म्हणाली, 'काच खाली कर, खिडकीतून दे मला.' पण आईच आत होती! शेवटी कोकमाची रिकामी बाटली सापडली. बाटलीचं तोंड केवढं आणि मुलाची घाई केवढी, ह्याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. थोरली हसून हसून बेजार, धाकटा अपमानानं रडतोय, सीटचं कव्हर भिजलेलं, आणि बाहेर म्हणे खाडी फार सुंदर दिसत होती. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पण मला तो आंबा घाटाहून लांब वाटला. त्या पंधरा मिनिटांत आम्ही पाणी पाहिलंच नाही. ज्यासाठी पुलाऐवजी बोट धरली, तेच राहिलं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच: गाडीचं मागचं दार पूर्ण उघडतं की नाही.

पुढच्या वर्षी सातच्या सुमाराची फेरी धरली. रात्रीच सामान गाडीत टाकलं, खोलीचे पैसे चुकते केले, आणि फाटकाला कुलूप असतं म्हणून किल्ली कुणाकडे ते विचारून ठेवलं. हे विसरू नका. पहाटे साडेपाचला अंधारात मालकाला हाका मारत उभं राहण्यासारखी दुसरी लाजिरवाणी गोष्ट नाही. मुलांना रात्री झोपतानाच दुसऱ्या दिवशीचे कपडे घातले. धाकट्याला तसाच उचलून, आईच्या शालीत गुंडाळून सीटवर ठेवला. तो जयगडच्या उतारावर जागा झाला.

बोटीत चार गाड्या होत्या. बाकी दुचाकीवाले, दुधाचे कॅन, पाट्या घेतलेल्या दोन बायका. आमच्या गाडीची चारही दारं सताड उघडली. धाकटा कठड्यापाशी माझं बोट धरून उभा राहिला. बोट सुटताना पुढची लोखंडी फळी साखळीनं वर ओढतात. साखळीचा तो खडखडाट संपेपर्यंत त्यानं श्वास धरून ठेवला होता, आणि फळी ठाप्पकन् बसल्यावर म्हणाला, 'दार लावलं.' मागे बंदराचे दिवे अजून चालू होते. एका दुचाकीवाल्यानं नंबरप्लेट बघून विचारलं, 'केए बावीस म्हणजे बेळगाव ना? एवढ्या सकाळी कुठं?' आईला बोलायला माणूस मिळालं, आम्हाला पाच मिनिटं गप्प उभं राहायला मिळालं.

सकाळच्या फेरीचे तोटेही आहेत, ते झाकून ठेवत नाही. तवसाळला उतरल्यावर इतक्या लवकर चहासुद्धा हुकमी मिळेल असं नाही. आम्ही घरून चपाती-गूळ आणि थर्मासात दूध नेलं होतं, तेवढ्यावर हेदवी गाठली. दशभुज गणपतीच्या देवळात सकाळी निवांत दर्शन होतं, हा फायदाच. पण पुढे वेळणेश्वरला साडेनऊला पोचलो तर खोली बाराशिवाय मिळणार नव्हती. मुलं अकराला पेंगायला लागली, थोरली चिडचिडी झाली, आणि बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती इथे लिहिता येत नाही. त्यामुळे पहिली फेरी धरणार असाल तर पलीकडच्या खोलीवाल्याशी आधी बोलून घ्या. वर थोडे पैसे द्यावे लागले तरी द्या. ते नसेल जमत तर दहाची फेरीही वाईट नाही, फक्त मुलांना चालत चढवा.

काही जण बेळगावहून रात्री बाराला निघून थेट पहिली फेरी गाठायचा बेत करतात. अडीचशेच्या वर किलोमीटर, त्यात आंबा घाट धुक्यात. माझ्या मेहुण्यानं केलं, फेरी गाठलीही, आणि गुहागरला दोन दिवस झोपून काढले. मुलं मात्र ताजीतवानी होती म्हणे, ती रात्रभर झोपलेली ना!

सकाळच्या फेरीत एक गोष्ट लोक विसरतात ती भरतीची. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त लांब उघडा पडतो, शेवाळानं निसरडा असतो, बसकी गाडी चढताना पोटाला घासते, आणि मुलांना चालत न्यायचं तर हात घट्ट धरावा लागतो. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाणी तळाला गेलेलं असतं, आणि संकष्टीला (वद्य चतुर्थी, चार पाऊणे तीन) सकाळी नऊला. अष्टमी ते एकादशी या दिवसांत सकाळी सातला धक्का पाण्यानं भरलेला मिळतो. घड्याळाइतकं चोख नाही हे, पण कालनिर्णयावर नजर टाकून खोली ठरवायला पुरतं. संकष्टीला, त्यातून अंगारकीला, गणपतीपुळ्यात गाडी लावायलाही जागा नसते, ते वेगळंच.

चपला रबरी तळव्याच्या घाला. लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर मिळेलच असं धरून चालू नका. आम्ही धाकट्याचं विकतच घेतलं, आता तो ते घरी पलंगावर घालून बसतो. काही बोटींना एकाच तोंडाला फळी असते, तेव्हा गाडी उलटी घालावी लागते. मागे बघून गाडी घालायची सवय नसेल तर रिकाम्या बोटीत ती शिकणं सोपं, भरलेल्या बोटीत पन्नास लोक बघत असताना अवघड. हाही पहिल्या फेरीच्या बाजूचा एक मुद्दा धरा, मी मोजत नाहीय.

बेळगावकरांना एक सवलत आहे, ती वापरत नाही आपण. आपल्या मुलांच्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात. त्यांना मधली मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रातल्या मुलांना दिवाळीची. उन्हाळ्यातही आपली सुट्टी एप्रिलमध्येच लागते, पुण्या-मुंबईची गर्दी मे महिन्यात उतरते. त्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा दसऱ्यात शनिवार-रविवार टाळून गेलात तर दहाच्या फेरीतही दारं उघडतील, आणि मग माझा सगळा युक्तिवाद कोसळतो. हे मला मान्य आहे. बायको तर आजही म्हणते की एवढ्यासाठी मुलांची झोप मोडायची कशाला, पूल आहे की. तिला गाडी लागत नाही.

यंदा दसऱ्यालाच जायचं म्हणतोय. विजयादशमीला घरी सोनं वाटायचं, एकादशीला सकाळी निघून संध्याकाळपर्यंत गणपतीपुळं, द्वादशीला जयगड. बारा पाऊणे नऊ. सातला पाणी चढतं असेल, धक्का अर्ध्याहून जास्त बुडालेला. किल्ली कुणाकडे असते ते फोन करून विचारायचं तेवढं राहिलंय.