चार अभंगांचं मास्टरिंग करून घेतलं, त्याचा अनुभव

खूप दिवस लिहायचं राहिलं होतं. आम्ही घरीच चार पारंपरिक अभंग रेकॉर्ड केले, मी गायले, तबला दादाचा, पेटीवर मैत्रीण, टाळ आणि तानपुरा नंतर वेगळे घेतले, मिक्स एका मित्राने केलं (म्हणजे सगळे वेगवेगळे आवाज जुळवून एक गाणं केलं) आणि मास्टरिंग, म्हणजे त्या तयार गाण्यावरचा शेवटचा हात, पुण्यातल्या एका काकांकडून करून घेतलं. त्यांचं नाव टाकत नाहीये, ते ओळखीतून आलेलंच काम घेतात आणि नाव नको लिहूस असं त्यांनीच सांगितलं. पण मास्टरिंगचे पैसे नक्की कशाचे देतो हे मला आधी अजिबात कळत नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

आधी पैसे वाचवायला एका ऑनलाइन ऑटोमॅटिक सर्व्हिसवर फाइल टाकली होती. दोन मिनिटांत गाणं मोठं होऊन आलं, पहिल्यांदा ऐकून आम्ही खूश! मग रात्री हेडफोन लावून ऐकलं तर मी ओळ संपवून श्वास घेतला की तानपुरा एकदम वर उसळायचा आणि पुढची ओळ सुरू झाली की परत खाली बसायचा, डग्ग्याचा घुमारा तर गेलाच होता, नुसती थाप उरली होती. दादा काहीच बोलला नाही, हेडफोन काढून ठेवला त्याने. फार वाईट वाटलं मला.

काकांनी फाइल उघडली आणि पहिलं काय केलं तर काहीच नाही. चारही अभंग सलग ऐकले, कशालाही हात न लावता. मग म्हणाले, "तुझा टाळ तिसऱ्या अभंगात आवाजावर चढतोय, हे मिक्समध्ये कमी करून आण, मी इथे कमी केला तर तुझ्या आवाजातली व्यंजनंही बोथट होतील." मास्टरिंगला शेवटची एकच स्टीरिओ फाइल येते ना, टाळ जिथे टोचतो तिथेच गाणाऱ्याचा स, श, च पण असतो, एकाला दाबलं की दुसरा दबतो. पैसे घेऊन तसंच करून दिलं असतं तरी मला कळलं नसतं. त्यांनी परत पाठवलं, याचे माझ्याकडून वेगळे मार्क.

दुसऱ्या वेळी आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवला तेव्हा दोन्हींचं व्हॉल्यूम अगदी सारखं करून ऐकवला. का, तर जे जरा मोठं वाजतं ते आपल्या कानाला आपोआप चांगलंच वाटतं, मग खरंच सुधारणा झाली का ते समजत नाही. ऑनलाइन फाइलने आम्हाला तिथेच फसवलं होतं. सारख्या आवाजात ऐकल्यावर काकांनी केलेला बदल किती बारीक आहे ते दिसलं, तानपुऱ्याची जवार (तारांची ती झणकार) जरा उघडली, पेटी आणि डग्गा एकमेकांवर बसत होते ते सुटे झाले, बस. चौथा अभंग सुरू व्हायच्या आधी किती सेकंद शांतता ठेवायची यावर मात्र आम्ही पाऊण तास बसलो होतो! तेही मास्टरिंगचंच काम असतं हे मला माहीतच नव्हतं.

मी विचारलं की बाकीच्यांची गाणी मोठी वाजतात, आपलं बारीक नाही ना वाटणार? तर काका म्हणाले, स्पॉटिफायवर गाणी साधारण मायनस १४ एलयूएफएसच्या (कानाला किती मोठं वाटतं याचं माप) पातळीला आणून वाजवली जातात, जास्त मोठं केलेलं गाणं ते खाली ओढतात, म्हणजे लिमिटरने (आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन) चेपून काही हाती लागत नाही, चेपलेपण तेवढं राहतं. त्यांनी पीकही (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) मायनस १ डीबीच्या आत ठेवला कारण फाइल कॉम्प्रेस होताना पीक थोडा वर जाऊ शकतो.

चहा पिताना त्यांनी बॉब लडविग या अमेरिकन मास्टरिंग इंजिनिअरचा किस्सा सांगितला. १९६९ मध्ये लेड झेपेलिन या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमची रेकॉर्ड लडविगने इतकी दमदार कापली (म्हणजे तबकडीवरची खाच कोरली) की साध्या प्लेअरवर सुईच उडायला लागली, मग कंपनीने आवाज आणि बेस कमी करून परत कापून घेतली. लेबलजवळच्या मोकळ्या भागात आरएल (लडविगची आद्याक्षरं) कोरलेली ती पहिली प्रत लोक आजही शोधून शोधून घेतात. काका म्हणाले, "ती सुई आता राहिली नाही, पण समोरच्याच्या घरी कशावर वाजणार हा विचार अजून तोच." म्हणूनच असेल, महागड्या मोठ्या स्पीकरशेजारी त्यांच्याकडे एक जुना छोटा मोनो स्पीकर आहे आणि प्रत्येक अभंग शेवटी त्यावर ऐकतात. माझी आई मोबाइलच्या स्पीकरवरच ऐकते, तिथेही डग्गा कळतो.

आता तक्रारी. वेळ लागतो, आम्हाला नऊ दिवस लागले आणि मध्ये दोन दिवस फोनच उचलला नाही. गाण्याला ३,५०० रुपये घेतले, घरी रेकॉर्ड करणाऱ्यांना जड जातात. दोनच बदल त्यात धरलेले, तिसऱ्याला वेगळे पैसे. तरी पुढच्या वेळी मी तिथेच जाणार, आणि दादाने तर स्वतःहून अर्धे पैसे दिले.

कोणीही पाठवणार असाल तर २४ बिट वेव्ह फाइल द्या, वर सहा डीबीची जागा सोडा (म्हणजे पीक कमाल पातळीच्या तेवढा खाली ठेवा) आणि मास्टरवरचा लिमिटर आधी काढा, आम्ही विसरलो होतो त्यात एक दिवस गेला.